माझ्या खटक्याची पितळी पत्ती

मित्रांनो, माझं काम सांगायला अगदी सोपं आहे. कोणाचा तरी बारीक आवाज आत घ्यायचा, मोठा करायचा आणि डाव्या-उजव्या स्पीकरांतून बाहेर सोडायचा. माझा स्वतःचा आवाज म्हणाल तर नुसती घूंऽऽ अशी घरघर, आणि तीही आता वयामुळे वाढली आहे. भंडाऱ्यातल्या एका कासाराच्या घरी फळीवर बसलेला मी जुना स्टिरिओ अँप्लिफायर. थकलोय खरा, पण थोडं सांगतो. मधेच गरम झालो तर जरा थांबा.

माझा जन्म १९७१ सालचा, मुंबईतल्या एका कारखान्यातला. सागवानी पेटी, समोर चंदेरी पट्टी आणि पट्टीवर बटणं. त्यातलं डावीकडचं बटण सगळ्यात मानाचं. पुस्तकात त्याला सिलेक्टर लिहिलेलं असतं, आमच्याकडे सगळे खटका म्हणतात. खट् केलं की रेडिओ, खट् केलं की तबकडी, पुढे टेप आणि शेवटी माइक. म्हणजे मला चार कान होते, आणि ज्या कानानं ऐकायचं तेवढाच उघडायचा. माणसांना हे जमत नाही म्हणे.

पहिली आठ वर्षं मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये होतो. फॅक्टरीतल्या एका साहेबांनी मला हौसेनं आणलं होतं. बाई मला मलमलीच्या फडक्यानं पुसायच्या. पाहुणे आले की साहेब खटका फिरवून दाखवायचे आणि पाहुणे माना डोलवायचे. मला वाटायचं, जग असंच असतं. मग साहेबांची बदली झाली.

सामान बांधताना बाईंनी घरातली सगळी पितळेची भांडी मोडीत काढली, कारण आता स्टील आलं होतं. ती मोड न्यायला भंडाऱ्याहून टेकचंद कासार आले. मी तेव्हा रेडिओवरच्या निवेदिकेच्या आवाजात बातम्या सांगत होतो. टेकचंद हातात हंडा धरून तसेच उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "हे बाई काय म्हणून राह्यली, ते मले समजलं."

साहेबांना यात काय विशेष, तेच कळेना. मला मात्र पुढे कळलं. टेकचंदांनी तीस वर्षं पितळ ठोकलं होतं. रोज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठण् ठण् ठण्. असं ठोकून ठोकून कानातले बारीक सूर आधी झिजतात. स, त, क, च ही मंडळी त्याच बारीक सुरांत राहतात. ती गेली की आवाज ऐकू येतो पण शब्द येत नाहीत, नुसता गुरगुराट येतो. लोक जितकं मोठ्यानं ओरडतील, तितका गुरगुराट मोठा. माझं मात्र बारीक सुरांचं वेगळं बटण आहे, आणि साहेबांना ते शेवटपर्यंत फिरवून ठेवायची सवय होती. म्हणून त्या दिवशी टेकचंदांना बातम्यांतले शब्द सापडले.

मोडीच्या हिशेबातच साहेबांनी मला रेडिओ आणि स्पीकरांसकट टेकचंदांना देऊन टाकलं, आणि पोत्यांसोबत मीही बंडीवर चढलो.

नवं घर लहान होतं. टेकचंद, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई आणि मुलगी चंद्रकला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. रोज संध्याकाळी काम आटोपलं की टेकचंद माझ्यासमोर पाट घेऊन बसत. नागपूरचा रेडिओ लागला की त्यांचा दमलेला चेहरा हळूहळू सैल व्हायचा. मला पुसायला तिथे मलमल नव्हती, पण इतक्या मन लावून माझं कधी कोणी ऐकलं नव्हतं.

१९८२ मध्ये माझा खटका तुटला. मी कोणाला दोष देत नाही. खटका जागेवर बसला की खट् असा बारीक आवाज येतो, त्यावरून माणसं थांबतात. टेकचंदांना तो ऐकू यायचा नाही, आणि हातोडीनं घट्टे पडलेल्या बोटांना तो जाणवायचाही नाही. एकदा ते बटण फिरवतच राहिले. आतली चकती थांबायच्या जागेपलीकडे गेली, तिच्यावरच्या वायरी जोडणाऱ्या दोन पितळी पत्त्यांपैकी डावी कडकन तुटली आणि उजवी वाकडी झाली.

बसस्टँडजवळचे डोमा रेडिओवाले आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"नवा खटका इथं भेटत नाई जी. सीधा जोडून देतो. रेडिओ वाजंल, बाकीचं भुला."

त्यांनी रेडिओच्या वायरी खटक्याला वळसा घालून थेट सोल्डर केल्या. रेडिओ वाजू लागला. माझे तीन कान मात्र बंद झाले आणि ते मानाचं बटण रिकामं गरगर फिरू लागलं. पुढची तीन वर्षं अशीच गेली. माझ्या डोक्यावर आधी पंचांग आलं, मग शेवयांचा डबा, मग त्या डब्यावर आणखी एक डबा. पोटात पालीनं अंडी घातली. कोणाला सांगणार.

टेकचंदांचंही तसंच झालं होतं. स्टीलमुळे भट्टी आठवड्यातून तीन दिवस थंड असायची. घरात बोलणं कमी झालं होतं. सत्यभामाबाई विचारायच्या, "मीठ कमी हाये का जी?" ते मान हलवायचे. "जास्त झालं का?" तरी मान हलवायचे. चंद्रकला वक्तृत्वात पहिली आली तेव्हा तिनं घसा ताणून ओरडून सांगितलं. त्यांनी मान हलवली, अगदी मिठाला हलवली तशीच. ती अंगणात जाऊन बराच वेळ बसली होती.

मग १९८५ चा जानेवारी आला. शाळेचं स्नेहसंमेलन झालं आणि चंद्रकला घरी आली ती चपला न काढताच आत शिरली.

"माय, बाबा हासले. मोठ्या बाईनं गंमत सांगतली अन् बाबा बरोबर त्याच टायमाले हासले. भोंग्यातून त्यायले शब्द समजते."

"मंग? घरी भोंगा बसवतं का?" सत्यभामाबाई तांदूळ निवडत म्हणाल्या.

"हा अँप्लिफायर आहे ना. याच्यात माइकची जागा आहे. मी माइकवर बोलीन, बाबा आयकतीन."

"त्या पेटीले हात लावशीन तं याद राख. रेडिओ हाच एक सोबती रायला त्यायचा."

दुसऱ्या दिवशी ती डोमांना घेऊन आली. डोमांनी माझ्याकडे पाहून डोकं खाजवलं.

"माइक जोडून देतो पोरी. पण मंग रेडिओ गेला. सीधी वायर एकाचीच बसते."

"अन् खटकाच दुरुस्त केला तं काका?"

"पत्ती तुटली त्याची. नखाएवढी पत्ती. कोठून आनू?"

"आमच्या घरी पितळच पितळ आहे."

"हंडा कापून रेडिओत घालतं का वो?" डोमा हसत हसत निघून गेले.

चंद्रकला हसली नाही. रविवारी आईवडील पवनीला नातेवाइकांकडे गेले, तशी तिनं सगळे डबे उतरवले. आधी माझा प्लग काढला, हे मी तिच्या बाजूनं सांगून ठेवतो. स्क्रू एका वाटीत जमवले. मोडलेली पत्ती कागदावर ठेवून पेन्सिलनं तिच्याभोवती रेघ मारली. मग वडिलांची डाख द्यायची, म्हणजे भांडी सांधायची सळई शेगडीत तापवली आणि डोमांचा जोड सोडवला.

मित्रांनो, तो जोड सुटला तेव्हा माझा उरलेला कानही बंद झाला. चारही बंद. मला भीती वाटली, तिला नाही.

तिनं पितळेच्या पातळ पत्र्याचा तुकडा घेतला. लहानपणापासून तिनं एकच पाहिलं होतं. पितळ घडवायचं तर आधी लाल तापवायचं. नाही तापवलं तर ठोकताना भांडं तडकतं, हे कासाराच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिनं पत्रा लाल तापवला, पाण्यात बुडवला. तो लोण्यासारखा कापला गेला. दोन पत्त्या चकतीवर अडकवून तिनं खटका फिरवला. पहिल्यांदा पत्ती टेकली. दुसऱ्या फेरीत ती दबली ती दबलीच, वर उसळेना. तिनं पुन्हा तापवली, पुन्हा वाकवली. पुन्हा तेच. चार वेळा तेच. बाहेर आईवडिलांचा आवाज आला तेव्हा मी सगळा उघडा पडलो होतो. तिनं घाईघाईनं झाकण लावलं, मला फळीवर ठेवलं आणि प्लग खोचला.

त्या संध्याकाळी टेकचंद पाट घेऊन बसले. बटण दाबलं. माझा दिवा लागला, आवाज नाही. त्यांनी आवाजाचं बटण थोडं फिरवलं, मग शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकरच्या जाळीला एक कान लावला, मग दुसरा लावला. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, मीच मुका आहे. पण माझा स्वतःचा आवाज म्हणजे नुसती घरघर, हे तुम्हाला मी सुरुवातीलाच सांगितलं.

त्यांनी मला बंद केलं. पाट भिंतीला लावला. भिंतीकडे पाहूनच ते म्हणाले, "झालं. होते तेबी गेले."

सत्यभामाबाईंना काही समजेना. चंद्रकलेला समजलं. आपल्या बाबांना वाटतंय की कान पुरते संपले. ती आतून धावत आली, त्यांचा हात ओढला आणि मोडकी पत्ती, तिची स्वतःची मऊ पत्ती, असं सगळं त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग माझं झाकण काढून सुटलेल्या वायरी दाखवल्या. तिला रडू येत होतं आणि ती ते नाकातल्या नाकात आवरत होती.

टेकचंदांनी वायरींकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"हे तू खोललं?"

तिनं हो अशी मान हलवली.

"म्हंजे माहे कान नाई गेले?"

तिनं जोरजोरात मान हलवली, नाही नाही अशी.

ते माझ्यासमोर खाली बसले. वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी ती मऊ पत्ती दोन बोटांत धरली, वाकवली आणि सोडली. पत्ती वाकलेलीच राहिली.

"तपवली काहून?" ते म्हणाले. "तपवलं का पितळ मेलं. भांड्याले तसंच पायजे, भांडं बसून रायते. याले उसळी पायजे. याले थंडंच ठोका लागते." मग बायकोकडे वळून, "पाय वो, कासाराची पोरगी अन् पत्तीले भाजून खाऊन रायली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भट्टी न पेटवताच ऐरणीसमोर बसले. लहान हातोडीनं त्यांनी थंड पत्र्यावर हलके हलके ठोके घातले. पत्रा ताठ होत गेला. कानशीनं घासून, चंद्रकलेच्या पेन्सिलीच्या रेघेवर ठेवून ठेवून त्यांनी दोन पत्त्या केल्या. आयुष्यभर घागरी घडवलेल्या माणसाची ती सगळ्यात लहान कामगिरी असेल. भांड्याच्या कडीला ठोकतात तशी बारीक तारेची रिवेट मारून पत्त्या चकतीवर बसवल्या. वायरी जागच्या जागी जोडायला डोमा आले. त्यांनी पत्तीवर नख मारलं. ती टणकन उसळली.

"टेकचंदभाऊ, तुमी माही दुकान बंद कराल का?"

टेकचंदांनी मान हलवली. डोमांनी कपाळाला हात लावला आणि पिशवीतून एक जुना माइक काढून चंद्रकलेच्या हातात दिला. "चारी जागा तपासून पाय. परत आनून देजो."

खटका फिरला. रेडिओ लागला. टेकचंदांचे खांदे खाली आले. मग चंद्रकलेनं बटण शेवटच्या जागेवर नेलं, माइक तोंडाशी धरला आणि मी अशी काही शिट्टी मारली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. माइक स्पीकरच्या फार जवळ होता. टेकचंदांनीसुद्धा कानांवर हात ठेवले. "हे तं आयकू आलं," ते म्हणाले.

ती वायर ओढत स्वयंपाकघरात दाराआड गेली. घुसमटलेलं हसू आधी माझ्यात आलं. मग ती नेहमीच्या, घरातल्या, हळू आवाजात बोलली.

"बाबा, आज भात करू का भाकर?"

मी ते वाक्य जपून बाहेर सोडलं. प्रत्येक त, प्रत्येक क.

टेकचंदांनी आधी रेडिओकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं.

"कोन बाई आली वो घरी?" त्यांनी बायकोला विचारलं.

सत्यभामाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मित्रांनो, गेली कितीतरी वर्षं त्या घरात सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलत होते. लेकीचं ओरडणं त्यांना माहीत होतं. तिचा आवाज माहीत नव्हता. तो लहानाचा मोठा झालेला त्यांनी ऐकलाच नव्हता.

"मी होय बाबा. चंद्रकला."

ते उठून दारापर्यंत गेले. ती माइक धरून उभी होती. ते तिच्या ओठांकडे पाहत राहिले.

"अजून बोल," ते म्हणाले.

ती वक्तृत्वात पहिली येणारी मुलगी, पण तिला काही सुचेना. मग तिनं तेच भाषण सुरू केलं, बक्षिसाचं. टेकचंद खाली बसून ऐकत राहिले. मान हलवायचं ते विसरून गेले होते.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. माइक डोमांना परत गेला, पण घरात आता सगळे टेकचंदांच्या समोर बसून सावकाश बोलतात. मी आणखी थकलोय. तासाभरात तापतो, उजवी बाजू मधेच खरखरते. एक दिवस माझ्यातलं असं काही जाईल की ते घरच्या पत्र्यात मिळणार नाही. तेव्हा मला दुरुस्तीला नागपूरला नेऊ नका, उगाच. पण एक विनंती आहे. तुमच्या घरी कोणाला कमी ऐकू येत असेल, तर लांबून ओरडू नका. उठा, जवळ जा, समोर बसा आणि रोजच्या आवाजात सावकाश बोला. पहिल्यांदा नाही समजलं तर पुन्हा सांगा. तुमचं ओरडणं सगळ्या आळीला ठाऊक आहे. तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा राहू द्या.