झोके, थांबा, सोड

अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेल्या बाळकाकांना कुठल्याही कामाचे टप्पे पाडून त्यांना नावं दिल्याशिवाय चैन पडत नसे. चहात खारी बुडवण्याचेसुद्धा त्यांनी टप्पे पाडले होते. तिसऱ्याच टप्प्यात खारी कपाच्या तळाशी जायची, तो भाग वेगळा.

उल्हासनगरात कॅम्प तीनला, जीन्सच्या कारखान्याच्या माडीवर हासानंद शेठचं पूल पार्लर होतं. तिथे राजसी खेळायची. पोरीने क्यूची काठी नुसती खांद्यावर टाकली तरी बॉल आपणहून पॉकेटकडे सरकतात, असं लोक शपथेवर सांगत. काकांनी तिला शिष्य केलं आणि तिच्या शॉटचे टप्पे पाडले. टेबलावर वाकायचं ती बैठक. क्यू पुढेमागे हलवून अंदाज घ्यायचा ते झोके. मग क्यू मागे ओढून स्थिर व्हायचं तो थांबा. त्यानंतर सोड. बॉल गेल्यावरही क्यू थोडी त्याच्यामागे जाऊ द्यायची, ती पाठवणी.

रोज संध्याकाळी काका स्टुलावर बसून एकेक नाव पुकारत आणि राजसी तसतशी हले. ‘सोड’ ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही, ही सक्त ताकीद.

"काका, मी काय रिक्षा आहे, सिग्नलला थांबायला?"

"इथल्या रिक्षा थांबतात कुठे? तू थांब."

अशात शेठने जाहीर केलं, "साईं, नीचे मशिनला जागा नाय. टेबल काढतो. हां, बदलापूरवाल्याला हरवून कप आणला, तर राहू दे. कप बघून गिऱ्हाईक तरी चढेल."

त्या कपच्या स्पर्धेची फायनल रविवारी दुपारी, याच टेबलावर. समोर बदलापूरचा पुष्कर. राजसी तिच्या जुन्या धसमुसळ्या पद्धतीने खेळली आणि तिने एकामागून एक बॉल घातले. काका मनातून खट्टू. शेवटी उरला एकटा काळा, जो घालेल त्याचा कप, आणि तोही पॉकेटच्या तोंडाशी. फुंकर मारली तरी पडेल असा.

राजसी वळून म्हणाली, "काका, हा तुमच्या पद्धतीने मारते."

काकांची छाती एवढी फुगली की बुशशर्टाचं बटण उडून शेठच्या लस्सीत पडलं.

बैठक. झोके. थांबा.

आणि ती थांबली.

तेव्हा काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. खेळाडू वाकलेला असताना त्याच्या बाजूचं कुणी बोललं तर फाऊल, आणि पाळी समोरच्याची. हा नियम गेल्या वर्षी काकांनीच हट्टाने घालायला लावला होता. शॉटला वेळेची मर्यादा मात्र कुणाला सुचली नव्हती.

राजसीची नजर बॉलवर खिळलेली. काकांनी डोळ्यांनी ‘सोड’ म्हणून पाहिलं, भुवयांनी पाहिलं, पायाच्या अंगठ्यानेही पाहिलं. शब्द जिभेवर येऊन बसला होता आणि काका ती जीभ दातांत धरून होते. पंख्याची धूळ क्यूवर साचली. कोळ्याने क्यूपासून टेबलापर्यंत जाळं विणलं, त्यात माशी अडकून मेली. खाली कारखान्यात एक जीन्स शिवून, धुऊन, सेलमध्ये विकलीसुद्धा गेली. पुष्करला दाढी फुटली. तरी कुणी खोकेना.

मग राजसीचं कोपर थरथरू लागलं. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून टेबलाच्या हिरव्या कापडावर पडला. ओठ पांढरे पडलेले. टेबल वाचवायचं तर गप्प बसणं भाग होतं, आणि गप्प बसलं तर ही पोर अशीच उभी वाळणार.

"ऊठ, पोरी," काका म्हणाले.

"फाऊल," पंच म्हणाला.

पुष्करने मान खाली घालून काळा बॉल ढकलला. बॉल पडला. टाळ्या बदलापूरवाल्यांनीही वाजवल्या नाहीत.

राजसी कोपर चोळत काकांजवळ आली. "बोलणारच होतात, तर ‘सोड’ म्हणायचं ना, काका. फाऊल तर फाऊल. माझा शॉट तरी गेला असता."

काका स्टुलावर बसून शर्टाच्या उडालेल्या बटणाची जागा चाचपू लागले.

शेठचा माणूस टेप घेऊन वर आला होता. टेबल मोजून झाल्यावर तो म्हणाला, "काका, जरा उठता का? मशिनला स्टुलाची जागापण धरायचीय."

काका उठले.