साळूबाईच्या सहीचा कागूद

मी साळूबाईच्या आधार कार्डाचा झेरॉक्स कागूद बोलतोय. हसू नका. तुमच्या बी कार्डाचा एखादा कागूद कुठंतरी पडला आसंल. कुठं, ते सांगा बरं. न्हाई ना आठवत?

काष्टीच्या बाजारात मशिनीतून मी गरम गरम निघालो. आमी पाच भावंडं. काम एकाचं हुतं, पर साळूबाई म्हनली, "पाच काढ रं, लागत्यात." आन तिथंच पाची जनांवर सही ठोकली. सून स्नेहलनं तिला नुकतीच सही शिकवली हुती. साठाव्या वर्सी अंगठा सुटला, मंग काय, बाई दिसंल त्या कागदावर सही करायची. दुधाच्या चिठ्ठीवर बी.

बाजारात एकजन छत्री लावून फुकट सिमकार्ड वाटत हुता. त्यानं एक कागूद मागितला, बाईनं दोन दिले. "ऱ्हाऊ दे एक जास्तीचा." त्यो जास्तीचा मी.

माझ्यावरचा फोटू इतका काळा, की म्हस उभी केली आसती तरी खपली आसती. छत्रीवाल्यानं दुसरीच बाई उभी केली आन साळूबाईच्या नावानं भारीतला मोबाईल हप्त्यावर उचलला. कर्ज देनाऱ्या कंपनीनं फोटू बघितलाच न्हाई. सही हाय ना, झालं. मला फायलीत कोंबलं.

दोन वर्सं मी तिथंच. मंग एक दिवस फाईल उघडली, तर म्होरं साळूबाई आन स्नेहल. आन टेबलामागं कंपनीचा केदारसाहेब.

बाई सांगत हुती, "दारात पिठाची गिरनी टाकायची म्हनून ब्यांकेत गेले. ते म्हनले, आजी, शिबिल खराब हाय, मोबाईलचे हप्ते थकलेत. आता शिबिल म्हंजी तुमी कर्ज कसं फेडता त्येचे मार्क, हे बी मला तवाच कळलं. पोलिसात गेले, ते म्हनले कंपनीचं पत्र आना. जाईल तिथं म्हनत्यात, आधारचा झेरॉक्स द्या. आवो, त्यानंच तर घात केला."

केदारसाहेबानं मला म्होरं सरकवलं. "ही सही तुमचीच का?"

मी मनात वरडत हुतो, न्हाई म्हन गं बाय. खोटी हाय म्हन, सुटशील. स्नेहलनं बी टेबलाखालून चिमटा काढला.

साळूबाईनं चष्मा नीट केला, माझ्यावर बोट फिरवलं. "माझीच हाय. मोबाईल माझा न्हाई, पर सही माझी. ती कशी नाकारू?"

साहेबानं लिवलं, 'सही मान्य. तक्रार बंद.'

गिरनी गेली. बाई पदर सावरून उठली. मी परत फायलीत.

लोकहो, मला कुनाला देताना माझ्या आंगावर आडवं लिवत जा, कशापायी दिला आन कंच्या तारखेला. आंग खराब झालं तरी चालंल मला. आन त्या केदारसाहेबाला कुनीतरी सांगा, सही कुनाची ते इचारलंत, मोबाईल कुनाच्या हातात दिला ते कोन इचारनार?