पिसिलाच्या तळहाताची फळी

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची फळी आहे. आज माझ्यावरून कोंबड्यांना खोबऱ्याचा चोथा घालतात. पण मी जन्मले ती टोंगामधल्या आमच्या बेटावरच्या दवाखान्यात, एका लहानग्या तळहातासाठी.

रविवारच्या जेवणासाठी जमिनीतल्या भट्टीत दगड तापले होते. पिसिलाचा पाय घसरला आणि उजवा तळहात नेमका दगडावर टेकला. नर्सबाईंनी मला गरम पाण्यात मऊ केलं आणि तिची बोटं सरळ धरून त्यांच्या मापाचा आकार दिला. तिच्या आईला, लेसिएलीला त्या म्हणाल्या, "ऑपरेशन नको. मलमपट्टीनं जखम भरेल. पण भरता भरता कातडी आवळते, म्हणून ही फळी बांधूनच ठेव. पोर रडेल. तू विरघळू नकोस."

पिसिला रडली, मला चावली. मला फार वाईट वाटे, तरी मी बोटं वाकू दिली नाहीत. तिला नाचायचं होतं ना! आमच्याकडे मुली नाचतात त्या हातांनी. पाय नुसते साथीला.

मग तोआकासे आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याचा शब्द भाऊसुद्धा मोडत नाही, मग भावजयीची काय बिशाद!

"कसाई आहेस का गं?" आत्या कडाडली. "लेकराचा हात फळीला बांधतेस? सोड आधी!"

"वन्सं, नर्सबाई म्हणाल्या..."

"नर्सबाई तुझ्या नवऱ्याची बहीण आहे का?"

लेसिएलीनं पट्टे सोडले. त्या रात्री पिसिला आत्याच्या कुशीत हसत झोपली. पुढे नर्सबाई चौकशीला आल्या, तर आत्यानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

जखम सुरेख भरली. आत्यानं चर्चमध्ये देवाचे आभार मानले. बोटं मात्र हळूहळू तळहाताकडे वळली आणि तिथेच चिकटली. ती मूठ पुन्हा उघडलीच नाही.

चुलतबहिणीच्या लग्नात मुली अंगाला खोबरेल चोपडून नाचायला उभ्या राहिल्या. पिसिलाही उभी राहिली. आत्यानंच तिला खाली बसवलं. "तू नको गं बाई. बरं दिसत नाही."

संध्याकाळी पिसिलानं खुराड्यापाशी टाकून दिलेल्या मला शोधून काढलं, मूठ माझ्यावर ठेवली आणि डाव्या हातानं दाबत राहिली. काही झालं नाही. मग तिनं माझ्यावर चोथा घेतला आणि कोंबड्यांना बोलावलं.

मित्रांनो, मला बांधल्यावर मूल रडलं, तर त्याला जवळ घ्या, पण माझे पट्टे सोडू नका. पिसिलाच्या सरळ बोटांचा आकार माझ्यावर अजून तसाच आहे. कोंबड्या त्यातच चोची मारतात.