जड गोळीचा साचा

भरे गावच्या फाट्यावरून आत वळलं की पत्र्याच्या शेडची रांग लागते. त्यातल्या शेवटच्या शेडमध्ये पीरमहंमद साचे बनवायचा. प्लॅस्टिकच्या झाकणांचे, कपाटाच्या मुठींचे, खुर्चीच्या पायाखाली बसवायच्या टोप्यांचे. मुळशी धरणावर जाळी टाकणाऱ्यांना जाळ्याच्या काठाला लावायला शिशाची वजनं लागतात, त्यांचे साचेही त्याच्याकडूनच जात. पंचक्रोशीत त्याचा हात नावाजलेला होता.

गेल्या वर्षी त्याचा एकुलता एक मुलगा अरहान गेला. मुठा गावात एका बंगल्यावर जनरेटर बंद पडला म्हणून दुरुस्तीला गेला होता. आत कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. पाहुण्यांतल्या एकाने आपलं परवान्याचं पिस्तूल काढून मित्रांना दाखवलं, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, आता रिकामं झालं असं समजून चाप ओढला. एक गोळी नळीत राहिली होती. अरहान खिडकीबाहेर वाकून वायर जोडत होता.

तेव्हापासून पीरमहंमदला काही वाटत नव्हतं. मयतीत तो रडला नाही, चाळिसाव्यालाही नाही. लोक म्हणाले, काळीज मोठं आहे म्हाताऱ्याचं. काळीज मोठं वगैरे काही नव्हतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. तो वेळेवर उठायचा, नमाज पढायचा, शेडवर जायचा, समोर आलेलं खायचा. बायको, बीबीजान, कधीच वारली होती. आता घरात तो आणि सून जस्मीन, दोघंच. जस्मीन पिरंगुटला एका कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. माहेरच्यांनी बोलावूनही ती गेली नाही. पुण्याच्या कोर्टात तारीख असली की रजा टाकून एकटीच जायची. सासऱ्याने एकदाही तिच्यासोबत पाऊल टाकलं नव्हतं.

अशात एका रविवारी शेडसमोर गाडी थांबली आणि ऋषिकेश उतरला. चाळिशीचा, चष्मा, पायात महागाचे बूट, बोलायला गोड. हिंजवडीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, कासार आंबोलीला त्याचा बंगला होता.

"चाचा, धरणावरच्या मंडळींनी तुमचं नाव सांगितलं. शिशाचा साचा तुमच्यासारखा कुणी करत नाही म्हणाले."

"कसला साचा पायजे?"

ऋषिकेशने खिशातून छोटी डबी काढली आणि शिशाचे दोन तुकडे कामाच्या टेबलावर उभे केले. एक आखूड, गोल डोक्याचा. दुसरा लांबट, जाड, चपट्या डोक्याचा.

पीरमहंमदने हातातली कानस खाली ठेवली. "पिस्तुलाच्या हायेत ह्या."

"हो. पण घाबरू नका, माझ्याकडे रीतसर लायसन आहे. मी बरीच वर्षं परदेशात होतो, तिथे आम्ही मित्र-मित्र स्वतःच गोळ्या ओतायचो. छंद म्हणून. इथे साचा मिळत नाही, बाहेरून मागवला तर विमानतळावर अडकेल."

"हितं चालतंय का असं वतलेलं?"

"कागदावर नाही चालत," ऋषिकेश हसला. "पण मी कुठे विकायला बसलोय? आपल्यापुरतं. बंगल्याच्या मागे मातीचा बांध घातलाय, त्याच्यावर मारायचं."

इथेच पीरमहंमदने तोंड उघडायला हवं होतं. माझा पोरगा गोळीने गेला, एवढंच म्हणायचं होतं. पण ते वाक्य कुठे ठेवलंय हेच त्याला सापडेना. त्याने लांबट तुकडा उचलला, चिमटीत फिरवला.

"ही जड हाय."

"तेच ठरवायचंय." ऋषिकेशला चेव आला. त्याने स्टूल ओढलं. "मला जडच हवी. हलकी नुसती टकटक करते. जड गोळी सावकाश जाते, पण लागली की लागली. पण माझं पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक आहे, एक सुटली की दुसरी आपोआप वर येते. तिथे ही चपट्या डोक्याची अडकते म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

पीरमहंमदने तुकडा बोटावरून घरंगळत नेऊन पाहिला. "डोकं चपटंच ठेवा, पन कड मारायला पायजे. खांदा उतरता केला तर न्हाई अडकायची. वजन मागं ढकलायचं."

आपण हे बोलतोय हे त्याला आपल्याच आवाजावरून कळलं. आवाज नेहमीचाच होता. झाकणाच्या साच्याबद्दल बोलताना असायचा तसाच. ऋषिकेश खूश झाला. मोबाइलवर साच्यांची चित्रं काढून दाखवू लागला. एका वेळी एक पडणारा, एका वेळी दोन पडणारे, लोखंडाचे, अल्युमिनियमचे. दोघं डोकं जवळ आणून पाहत राहिले. शेवटी जड गोळीचा, दोन घरांचा साचा करायचं ठरलं. "नळीचं तोंड बघायला लागंल," पीरमहंमद म्हणाला.

पुढच्या रविवारी ऋषिकेशच त्याला गाडीतून कासार आंबोलीला घेऊन गेला. बंगल्याच्या ओट्यावर त्याच्या बायकोने, किमयाने, पोह्यांच्या बशा आणल्या. "ह्यांचं हे वेड आहे, काका. तुम्ही तरी यांना समजावा," असं हसत म्हणत ती आत गेली.

ऋषिकेशने पिस्तूल आणलं. टेबलावर रुमाल अंथरला, मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला, आत पाहिलं, परत पाहिलं, करंगळी घालून चाचपलं. मग म्हणाला, "नीट बघून ठेवा चाचा. मॅगझिन काढलं तरी आत एक राहू शकते. लोक तिथेच फसतात."

"व्हय," पीरमहंमद म्हणाला. "ऱ्हाती."

ऋषिकेशने पिस्तूल त्याच्या तळहातावर ठेवलं. पीरमहंमद वाट पाहत राहिला, आता काहीतरी होईल. हात थरथरेल, घाम फुटेल, निदान घास वर येईल. काही झालं नाही. वस्तू गार होती आणि दिसते त्यापेक्षा जड होती. कुणाच्या तरी हाताने तिला नेटकी कड मारली होती, ती त्याला आवडली. त्याने व्हर्नियरने मापं घेतली. बांधापलीकडे डोंगराची चढण होती आणि चढणीवरून दोन बाया सरपणाच्या मोळ्या घेऊन उतरत होत्या. त्याने त्या पाहिल्या, आणि पोहे संपवले.

संध्याकाळी सासऱ्याचा शर्ट भिजत घालताना जस्मीनच्या हाताला खिशातली ऋषिकेशची डबी लागली. तिने झाकण उघडलं आणि ती मोरीच्या उंबऱ्यावरच बसली.

"अब्बा, हे काय हाय?"

त्याने सांगितलं. काही लपवलं नाही, काही पदरचं घातलं नाही.

"आन तुमी हो म्हणालात?"

"व्हय."

"अरहानचं सांगितलंत त्याला?"

"न्हाई."

"का पण?"

"त्यानं इचारलं न्हाई."

जस्मीन ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डबीचं झाकण लावलं, डबी त्याच्यापुढे ठेवली आणि शर्ट धुवायला घेतला. त्या रात्री ताटं वाढून ती न जेवता झोपली.

सकाळी पीरमहंमद शेडवर गेला आणि त्याने अल्युमिनियमचा ठोकळा मशीनवर चढवला. दुसरं काम हातात असूनही हेच घेतलं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. काम समोर होतं, माप डोक्यात होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साच्याचा अर्धा भाग तयार झाला. दोन अर्ध्या गोळ्यांची घरं, गुळगुळीत, आरशासारखी. त्याने सवयीप्रमाणे एका घरात करंगळीचं टोक घालून पाहिलं. बरोबर बसलं.

दारात सावली पडली म्हणून वळला, तर जस्मीन. ऑफिसातून अर्ध्या दिवसाने निघून आली होती. तिने तो अर्धा साचा हातात घेतला, उजेडाकडे वळवला.

"लई सुरेख झालाय," ती म्हणाली. तिने साचा परत टेबलावर ठेवला. "अब्बा, मी पोलीस ठाण्यात चाललेय. तुमचं नाव बी येईल त्यात. वर्सभर मी तिकडं कोर्टात एकटी हुभी ऱ्हाते आन तुमी हितं हे करताय. मला नाही सहन होत."

"जा," तो म्हणाला. "माझं नाव सांग."

"तुमाला काहीच वाटत न्हाई का?"

"न्हाई," तो म्हणाला. "कुणी काय इचारलं तर उत्तर देतोय. काम दिलं तर करतोय. तेवढंच हुतंय."

ती गेल्यावर त्याने ऋषिकेशला फोन लावला. साचा झाला असं वाटून तो तासाभरात हजर झाला. टेबलावरचा अर्धा भाग बघून त्याचा चेहरा उजळला. "चाचा, काय काम आहे हे! दुसरा भाग कधी?"

"दुसरा व्हनार न्हाई," पीरमहंमद म्हणाला. "साहेब, माझा पोरगा गोळीनं गेला. गेल्या साली, मुठ्याला. मॅगझिन काढलं हुतं. एक आत ऱ्हायली हुती."

वाक्य बाहेर आलं आणि शेडमध्ये मशीनची मोटर नुसतीच फिरत राहिली. ऋषिकेशने चष्मा काढला, परत लावला.

"तुम्ही... मी तुमच्या हातात दिलं ते. तुम्ही का नाही बोललात?"

"न्हाई बोलता आलं."

"माफ करा, चाचा. मला खरंच माहीत नव्हतं. राहू द्या सगळं. हा तुकडा वितळवून टाका, मी पण विसरतो."

"सून ठाण्यात गेलीय. मीच जा म्हणालो."

ऋषिकेशच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "पण मी काय केलं? मी किती काळजी घेतो, तुम्ही बघितलंत. मी काही तसला माणूस आहे का?"

"न्हाई. तुमी चांगलं मानूस हायात." पीरमहंमदने मोटर बंद केली. "त्यो बी चांगलाच हुता, साहेब. अरहानला मांडीवर घेऊन दवाखान्यात त्यानंच नेलं. वाटेत रडत हुता म्हनं."

ऋषिकेश पळून गेला नाही. पोलीस आले तेव्हा दोघं शेडच्या दारात दोन स्टुलांवर बसलेले होते.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. अर्धा साचा आणि शिशाचे तुकडे जप्त झाले, ऋषिकेशचं पिस्तूल जमा करून घेतलं, त्याच्या परवान्यावर कारवाई सुरू झाली. त्याला जामीन मिळाला. पीरमहंमदलाही ठाण्यात बसवून ठेवलं. असलं काम घेतलंच कसं, म्हणून तिथल्या साहेबाने खडसावलं, आणि शेवटी त्याला साक्षीदार केलं. गावात कुणी म्हणालं, म्हाताऱ्याने बरं केलं. कुणी म्हणालं, गिऱ्हाइकाला पोलिसांत देणाऱ्याकडे कोण काम घेऊन जाणार. एक-दोघांनी खरंच कामं परत नेली. ऋषिकेशने बंगला विकायला काढला असं कानावर आलं. पीरमहंमदला ना आनंद झाला ना वाईट वाटलं.

फक्त अरहानच्या खटल्याच्या पुढच्या तारखेला, जस्मीन डबा भरत होती तेव्हा, तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. "चल," म्हणाला. तिने डब्यात आणखी दोन चपात्या घातल्या.

कोर्टात गर्दी होती. ज्याच्या हातून गोळी सुटली तो माणूस बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. बारीक झालेला, दाढी वाढलेली, शेजारी त्याची आई. पीरमहंमदने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. त्यानेही पाहिलं आणि मान खाली घातली.

त्यांच्या नावाचा पुकारा झाला. आतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "तुम्ही मयताचे कोण?"

साधा प्रश्न होता. पीरमहंमदने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. हनुवटी आपोआप हलायला लागली, ती त्याने हाताने धरली, तरी थांबेना.

"कोण तुम्ही? मोठ्यानं बोला," कारकून म्हणाला.

जस्मीन मागून पुढे आली आणि तिने सासऱ्याचं कोपर धरलं.

"वडील हायेत त्याचे," ती म्हणाली. "जरा दम धरा, सांगतील ते."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेतलं कुणीतरी उठलं आणि म्हाताऱ्याला बसायला जागा करून दिली.