गेणभाऊंचा हसरा फोटो

अवसरी खुर्दला दिलेली लेक कुशाबाई आईबापाच्या फोटोसाठी हटून बसली. म्हणून १९५४ सालच्या माघात निमगाव सावाचे गेणभाऊ बायकोला, प्रयागबाईला घेऊन जुन्नरला महंमद हनीफच्या फोटोच्या दुकानात गेले. रंगवलेल्या बगीच्याच्या पडद्यापुढं दोघं खुर्च्यांवर बसली. आठ दिवसांनी गेणभाऊ फोटो आणायला गेले आणि बघून हादरलेच. भुवया जुळलेल्या, ओठ आवळलेले, काठी अशी धरलेली की आता कुणाच्या तरी पाठीत बसणार. शेजारी प्रयागबाई खुर्चीच्या पार कडेला सरकलेली.

"ह्यो कोन?"

"तुमीच, भाऊ," हनीफ म्हणाला.

"मग हसाया का नाय सांगितलं?"

"तीन डाव सांगितलं. तिन्ही डाव तुमी म्हनला, हसतोयच की!"

गावात आल्यावर त्यांनी फोटो धर्माजींना दाखवला. दोघांची विहीर सामाईक. धर्माजींनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि जपून म्हणाले, "लई झाक आलाय. त्या दिशी खुशीत व्हता जनू?"

गेणभाऊंना त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. आपण दिलखुलास माणूस, अशी त्यांची आजवरची समजूत. ते पारावर आले की बोलणं थांबायचं, त्याला ते मान समजायचे. आता शंका आली.

सकाळी भिंतीवरच्या आरशासमोर पटका बांधता बांधता त्यांनी हाक मारली, "पानी आन!" आणि स्वतःचं तोंड त्यांना दिसलं. मागितलं होतं पाणी, पण तोंड चोर पकडल्यासारखं. त्यांनी ओठ ताणून हसून बघितलं. तेवढ्यात प्रयागबाई तांब्या घेऊन आली. नवऱ्याकडं एकदा पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि लवंग घेऊन आली.

"कंची दाढ?"

दुपारी विहिरीवर मोटेची पाळी गेणभाऊंची होती, पण धर्माजींनी बैल सोडले नव्हते. एरवी गेणभाऊंची आरोळी वेशीपर्यंत गेली असती. आज ते जवळ गेले आणि हळूच म्हणाले, "धर्माजी, तुमचं झाल्यावर सांगा. मी बसतो."

धर्माजींचा चेहरा उतरला. आरडाओरडा त्यांच्या ओळखीचा होता. हे नवीनच काहीतरी होतं. त्यांनी मोट तशीच अर्ध्यावर थांबवली, बैल सोडले आणि मागं न बघता घर गाठलं. बैलांच्या येण्याजाण्याच्या उतारावर, मोटेच्या धावेवर, गेणभाऊ एकटेच उभे राहिले. पाणी मिळालं होतं, पण बरं वाटलं नाही. माणूस आपल्या गोड बोलण्यालाही भ्यावा, म्हणजे आजवर आपण किती टाकून बोललो असू?

दिवस मावळायला जेवायला बसले. पहिल्याच घासाला कळलं, कालवण अळणी.

"मीठ कुठाय?" आवाज चढलाच. त्यांचा त्यांनाच ऐकू आला. प्रयागबाई उठायला लागली, तसे ते म्हणाले, "बस. मी घेतो."

उठले खरे, पण उतरंडीपुढं जाऊन थबकले. तीस वर्षं ह्याच घरात जेवत होते. मिठाचं गाडगं कोणतं, ते ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली. एकात हात घातला, हुलगे निघाले. दुसऱ्यात चिंच. तिसऱ्याचं झाकण काढून वास घेतला आणि तिखट थेट नाकात गेलं. शिंकांवर शिंका! पटका सुटून गळ्यात आला, डोळ्यांतून धारा लागल्या.

मागून खळखळून हसण्याचा आवाज आला. कोण हसतंय ते कळायला गेणभाऊंना क्षणभर वेळ लागला. हे हसू त्यांनी ह्या घरात ऐकलंच नव्हतं.

"तू हसतीस व्हय?"

"रोजच हसते की," पदरानं डोळे पुशीत ती म्हणाली. "तुमी रानात गेल्यावर."

गेणभाऊ बघतच राहिले. मग एक शिंक आली, तिच्या पाठोपाठ हसूही आलं, आणि ते मटकन खाली बसले.

"आता तरी सांग, मीठ कुठाय?"

"हुडका," प्रयागबाई म्हणाली आणि कालवण पुन्हा चुलीवर ठेवलं.