गाण्याआधीचं

कट्.

एवढाच आवाज. पण भर दुपारी, छोटी झोपलेली, नळ घट्ट बंद, पंखा मुद्दाम एकवर ठेवलेला, अशा वेळी तो कुणीतरी कानाशी नख मोडावं तसा आला. तिच्या हातातली छोटीची चड्डी घडी व्हायची राहून गेली. तिने खोलीच्या कोपऱ्यात, शिवणयंत्राच्या टेबलावर ठेवलेल्या जुन्या संगणकाकडे पाहिलं. आज सकाळपासूनचा हा तिसरा.

चार दिवसांपूर्वी येऊन गेलेल्या दुरुस्तीवाल्याने तिला या आवाजाबद्दल बजावलं होतं. "ताई, हार्ड डिस्क म्हातारी झालीय. दिवसातून एकदा कट् केलं तर समजायचं, खोकला आहे. तासाला करायला लागली, की मग आटपा."

"दुसरीकडे कॉपी करून द्या ना मग."

"कुठून देऊ? यूएसबीची चारही भोकं मेलीत, नेटचं कार्ड त्याच्याही आधी गेलंय. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि फिरलीच नाही, तर तुम्ही मला शिव्या घालाल. फिरतेय तिथे फिरू द्या. सीडी लिहायचा ड्राइव्ह तेवढा ठणठणीत आहे. सीडीवर घ्या."

सीडीच हव्या होत्या. बाबांना त्याच हव्या होत्या.

संगणक बाबांचा. आई गेल्यावर ते दादाकडे राहायला गेले, तेव्हा दादाच्या घरी त्या धुडाला जागा नव्हती म्हणून ते तिच्याकडे आलं. त्यात आईची गाणी होती. आई काही गायिका वगैरे नव्हती. घरातली कामं उरकली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून गायची, अर्धी पाठ झालेली, मधली ओळ विसरली तर स्वतःची घालून पुढे जायची. बाबा पाणीपुरवठा खात्यात कारकून. त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि वीस वर्षं तिला भरून ठेवलं. निवृत्तीनंतर एका हिवाळ्यात बसून एकूण एक कॅसेट संगणकात उतरवली. एकसष्ट रेकॉर्डिंग्ज. कॅसेटी नंतर ओल लागून गेल्या. आता जे काही होतं ते त्या कट् कट् करणाऱ्या डबड्यात.

बाबांचा डावा कान गेला होता. उजवा, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे, "वर्षभर साथ देईल." मोबाइलवर ऐकणं त्यांना जमेना, बोट एकीकडे लागायचं आणि भलतंच काहीतरी वाजायचं. उशाशी मोठ्या बटणांचा सीडी प्लेअर होता, तो मात्र अंधारातही चालवता यायचा. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा, "झालं का गं?"

दादाचं म्हणणं वेगळं. "अगं, सीडी कोण वापरतं आता? म्युझियममध्ये ठेवणार आहेस का बाबांना?"

"तू ठेवलायस तेवढं पुरे," ती म्हणाली होती. मग दोघंही हसले होते, पण दादा जरा उशिराने.

दुरुस्तीवाल्याने जाताना तिच्या हातात एक सीडी दिली होती. तीवर सीडी लिहायची तीन सॉफ्टवेअर होती, तिन्ही फुकट. "लावून बघा, जे पटेल ते ठेवा. मी स्वतः ते राखाडी वापरतो. दिसायला खाष्ट आहे, पण कामाला चोख. नुसती बटणं बघून भुलू नका." ती खळखळून हसली होती, नको तितकी. नंतर तिच्या लक्षात आलं, आठवडाभरात मोठ्या माणसाशी समोरासमोर झालेलं तिचं ते सगळ्यात लांबलचक बोलणं होतं. नवरा तीन आठवडे बाहेर, एक आठवडा घरी, अशा नोकरीवर. या गावात येऊन त्यांना आठ महिने झाले होते. जिन्यात भेटणाऱ्या बाया हसायच्या, पण थांबायच्या नाहीत. बाकी दिवसभर बोलायला होती ती चार वर्षांची छोटी, आणि तिचे विषय म्हणजे मुंगी कुठे झोपते आणि भिंत गार का असते.

म्हणून दुपारचा दीड ते तीन हा वेळ तिचा. त्यात तिने तिन्ही सॉफ्टवेअर लावून पाहिली.

पहिलं उघडल्या उघडल्या पासवर्डासारखा लांबलचक आकडा मागू लागलं. तिने ते सरळ मिटलं. तिसरं, म्हणजे ते राखाडी, खरोखरच खाष्ट होतं. खिडकीचे दोन उभे भाग, ना रंग ना चित्र, आणि वर उलटतपासणी: ऑडिओ लिहायचं की डेटा? दोन ट्रॅकमध्ये किती सेकंद सोडायचे? लिहून झाल्यावर सीडी कायमची बंद करायची का? तिला वाटलं, एक जरी उत्तर चुकलं तर हे आपल्याला ओट्यापाशी उभं करून झापेल.

मधलं मात्र गोड होतं. निळी गोल बटणं, हसरा चेहरा, तीन पायऱ्यांत काम. त्याने एकसष्ट फाइली एकदम पोटात घेतल्या आणि नम्रपणे सांगितलं, एकूण तेरा तास, दहा सीडी लागतील. खाली एक चौकट होती: शांतता आपोआप काढून टाकायची?

तिने पडद्यावर एक फाइल उघडून पाहिली. ऐकली नाही. छोटी झोपलेली असताना स्पीकर लावणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर छोटी जागी असती तरी तिने तो लावला नसता. आई जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हा छोटी तिच्या पोटातही नव्हती, आणि इतक्या वर्षांत तिने यातलं एकही रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. उद्या ऐकू, म्हणत राहिली होती. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसत होतं. बराच वेळ जवळजवळ सपाट रेघ, मग एकदम डोंगरांची रांग, मग पुन्हा सपाट. डोंगर म्हणजे गाणं, हे तिला कळलं. मधलं सपाट कशाला बाबांना? बिचारे बटण दाबून वाट बघत बसतील, गाणं कधी लागतंय म्हणून. तिने चौकटीत खूण केली. तेरा तासांचे पाच झाले, दहा सीडींच्या चार. तिला वाटलं, अगदी भाजी निवडल्यासारखं झालं.

दोन दुपारींत चारही सीडी झाल्या. तिने त्यांच्यावर पेनने ठसठशीत आकडे घातले, मऊ फडक्यात गुंडाळून दादाकडे पाठवल्या. रविवारची वाट न पाहता बाबांचा फोन आला.

"पोचल्या गं सीडी."

"ऐकल्या? कसं येतंय ऐकू?"

"छान. स्वच्छ येतंय." मग त्यांनी विचारलं, "पण ती कुठंय?"

"कोण?"

"तुझी आई."

तिला वाटलं, बाबांचं वय बोलतंय. तिने आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "बाबा, गातेय ना ती. चारही सीडींवर आईच आहे."

"ओरडू नकोस, उजव्या कानाला लावलाय. गातेय, ते कळतं मला. एकामागून एक गातेय, रेडिओवरच्या बाईसारखी. पण ती कुठंय? सुरू करायच्या आधीची?"

"आधीची म्हणजे?" तिने विचारलं.

"तुला माहीत नाही का? मी बटण कधी दाबायचो?" बाबा हळूहळू सांगू लागले, आणि त्यांच्या आवाजात थोडी लाजही होती. मशीन चालू आहे हे कळलं की आईचा गळा आखडायचा. म्हणून ती स्वयंपाकघरात असतानाच ते खुर्चीजवळचं मशीन चालू करून वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसायचे. आई आतूनच बोलत असायची. कधी त्यांच्याशी, कधी पोरांशी, कधी भांड्यांशी. मग हात पुसत यायची, बसायची, आणि गायची. "वीस वर्षं तिला पत्ता नाही, असं मला वाटत होतं. नंतर संगणकात भरताना ऐकलं, तर एका जागी आतून म्हणतेय, अहो, पेपर उलटा धरलाय."

तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच अडकलं. लांबून, आतून येणारा, हळू आवाज. डोंगर न होणारा. त्या गोड चेहऱ्याने त्यालाच शांतता ठरवून काढून टाकलं होतं. आणि खूण तिने केली होती.

"आहे का गं अजून? की गेलं?" बाबांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "मूळ सगळं आहे. तसंच्या तसं देते."

फोन ठेवला, आणि कोपऱ्यातून कट् आलं. पाच मिनिटांनी पुन्हा.

दुकानात सीडी घ्यायला ती छोटीला कडेवर घेऊन पळाली. "गेल्याच आठवड्यात नेल्यात ना? लग्नात वाटताय की काय?" दुकानदार म्हणाला. एरवी ती यावर दोन मिनिटं तरी उभी राहून बोलली असती. आज तिने दहाचं पाकीट घेतलं आणि निघाली.

आता राखाडीशिवाय इलाज नव्हता. ते काहीच आपल्या मनाने करत नव्हतं, म्हणूनच ते इतकं विचारत होतं, हे तिला आत्ता उमगलं. तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने एकेक उत्तर सांगितलं: ऑडिओ लिहा, दोन सेकंद सोडा, शेवटी बंद करा, वेग सगळ्यात कमी. "आणि लिहिताना मशीनला हात लावू नका. झाली की लगेच दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. घाई केली की सीडी फुकट, आणि तुमच्याकडे वेळ नाही."

"बरं. आभारी आहे हं," ती म्हणाली, आणि आणखी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुमचं जेवण झालं?" तिकडे तो जरा गोंधळला. "हो ताई, झालं," म्हणाला.

चार दिवस ती फक्त तेच करत होती. एक सीडी जवळजवळ अर्धा तास घ्यायची. कपड्यांचा ढीग खुर्चीवर साचत गेला. छोटीला दोनदा ब्रेड दुधात बुडवून दिला आणि दोन्ही वेळा छोटी म्हणाली, "आज पण मज्जाच." सीडी बाहेर आली की ती गरम असायची, ती क्षणभर तळव्यावर धरायची आणि मग डब्यात ठेवायची. लावून मात्र बघत नव्हती. उद्या, म्हणत होती.

आठवी सीडी बाहेर आली. नववीसाठी तिने फाइली ओढल्या, आणि कट् कट् कट् असं सलग सुरू झालं, पायऱ्यांवरून गोटी घरंगळत जावी तसं. पडदा निळा झाला. तिने बटण बंद करून चालू केलं. काळं. पुन्हा केलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला, त्याने "अर्ध्या तासाने एकदा बघा" सांगितलं. अर्ध्या तासाने तिने बघितलं. मग ती तशीच फरशीवर बसली, टेबलाच्या पायाला पाठ लावून. एकसष्टांतली पन्नास हाती लागली होती. अकरा गेली होती, आणि त्या अकरांत कुठल्या दिवसांचं बोलणं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाबांकडच्या आधीच्या चार सीडींवर त्या अकरांतली नुसती गाणी होती, एवढंच.

घरात काहीच हलत नव्हतं. तीन वाजायला आले होते. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, आणि असा कुणी तिला आठवेना.

शेवटी ती उठली. दुरुस्तीवाला म्हणाला होता, लावून बघा. निदान ही तरी नीट लिहिली गेली का, ते बघायलाच हवं होतं. छोटीच्या गोष्टींसाठी घेतलेला लाल प्लेअर तिने स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला, आवाज अगदी बारीक केला आणि आठवी सीडी आत सरकवली.

सुरुवातीला नुसतं खरखर. मग लांबून पाणी पडल्याचा आवाज. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज, तो अगदी जवळून, ते बाबा. आत कुणीतरी डबा उघडला, झाकण फरशीवर पडून गरगरत राहिलं. आणि मग आई म्हणाली, "राहू दे, राहू दे, मी उचलते."

ती ओट्याला धरून उभी राहिली. पाच वर्षांत आईचा गाण्याचा आवाज तिला स्वप्नातही आला होता. हा आवाज ती पार विसरून गेली होती, जरा घाईचा, नाकातून हसल्यासारखा.

"अगं, किती वाटाणे सांडलेस! सोलतेस की पेरतेस?" आई म्हणाली. थोडा वेळ फक्त शेंगा फुटत राहिल्या. "इकडे ये. अशी बस माझ्याजवळ. बघू तोंड. काय झालं तुला? रडलीस का तू?"

पुढे काही नाही. खरखर. पान उलटलं. आई बहुतेक वाट बघत होती.

दारात छोटी उभी होती, केस एका बाजूला चपटे, उशीची वळी गालावर उमटलेली. ती कधी आली ते तिला कळलंच नव्हतं.

"कोण बोलतंय?"

"आजी. माझी आई."

"कुणाशी बोलतेय?"

"माझ्याशी. मी तुझ्याएवढी होते तेव्हा."

छोटी जवळ आली, टाचा उंचावून तिने ओट्यावर हनुवटी टेकवली आणि प्लेअरकडे बघत थांबली. आतून अजून कुणी बोलत नव्हतं. तिने वर मान करून आईकडे पाहिलं.

"मग तू का रडली होतीस?"