पांढरी भिंत आन बाबाचा फोटो

ज्योत्सने, माया हात धरून पाहा बरं. थंडगार हाय ना? काल चार वाजतापासून असाच हाय. हसू नको वं भावने, आधी पुरं ऐक, मंग हास.

तुमाले माहीत हाय, मी गोधड्या शिवते. आतापर्यंत तुकडे खाली पसरून डिझाइन पाहत होती. एक बाजू जमली का दुसरीवर आईचा पाय. मंग मोबाइलवर पाहिलं, भिंतीले फ्लॅनेल लावतात. बाळाले गुंडाळतात ना, ते लवदार कापड. त्याच्यावर सुती तुकडा नुसता दाबला का चिकटून राहते, टाचनी नाही, काही नाही. दूर उभं राहून पाहाचं, नाही पटलं तं उचलून दुसरीकडं. भल्लं डोक्यात बसलं! थर्माकोलच्या चार शिटा आनल्या, पांढरं फ्लॅनेल ताणून बसवलं.

पन लावाचं कुठं? लाखनीतलं आमचं घर तुमी पाहिलंच हाय. एकीकडं कपाट, एकीकडं खिडकी, एकीकडं दार. उरली समोरच्या खोलीतली एकच भिंत, आन तिच्यावर बाबाचा रिटायरमेंटचा फोटो. काल सकाळी मी तो खाली काढला. बाबा जेवाले बसले होते, तिथूनच भडकले.

"तीस वर्षं विजेच्या खांबावर चढलो, त्याचा एक फोटो हाय घरात. तो काढून चिंध्या लावतेस?"

"बाबा, तुमी तं रोजच दिसता. फोटो कायले पायजे?"

बस. एवढंच बोलली मी. बाबानं ताट सरकवलं, स्कूटी काढली आन हायवेकडं निघाले. कुठं जातो, सांगतलं नाही. आई बचत गटाच्या मीटिंगले गेली. घरात मी एकटी.

मी पन जिद्दीले पेटली. शिटा ठोकत आनल्या, आन लाईन गेली. लाईनमनच्या घरची लाईन सगळ्यात आधी जाते, हे तं ठरलेलंच हाय. बाहेर आभाळ दाटलेलं, तुकडे उडू नये म्हून खिडकी बंद. अंधारात गुलाबी कोनता आन पिवळा कोनता समजे ना. म्हून भिंतीखाली टेबल सरकवलं आन दोन मेनबत्त्या लावल्या, एक इकडं, एक तिकडं. दोन्हीकडून सारका उजेड पायजे ना! बाबाचा फोटो जमिनीवर पाय लागंल म्हून टेबलावरच उभा करून ठेवला. त्याच्यासमोर कापलेले तुकडे, पिवळे, गुलाबी, बोटाएवढे. एक हिरवा भिंतीवर दाबून बी पाहिला.

शेवटचा खिळा उरला होता. हातोडी अंगठ्यावर बसली. माय वं! डोयातून घळघळ पानी.

तेवढ्यात दारात मुरारीकाका. बाबाचे जुने दोस्त, तलावातले मासे विकतात ना, तेच. "खेमराजभाऊ..." एवढी बाबाले हाक मारली आन थांबले. मी अंगठा तोंडात धरून रडून राहिली, बोलता येई ना. काकानं भिंतीकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं. चपला काढल्या. उंबऱ्यातूनच हात जोडले. आन माशाची टोपली तिथंच टाकून सायकलवर बसून गायब!

मी म्हनलं, भिंत एवढी आवडली का, का हातच जोडले?

अर्ध्या तासानं गलका ऐकू आला. दार उघडलं तं आई. मोकळे केस, मीटिंगमधल्या दहा-बारा बाया मांगं, त्यातली शकुनबाई तिले धरून आनून राहिली. आई दारातच बसली, "तृप्ती वं, तुये बाबा आपल्याले सोडून गेले वं!"

भावने, मी खाली बसली नाही, पडली. डोयासमोर हायवे, ट्रक, बाबाची स्कूटी. आन कानात मायंच बोलनं, तुमी तं रोजच दिसता.

"कुठं झालं? कोनी सांगतलं?" मी वरडली. कोनी ऐके तं! आईची नजर टेबलावर गेली आन तिनं छाती बडवली. मी बाबाले फोन लावला. रिंग वाजली. फोटोच्या मांगून वाजली! सगळ्या बाया एकदम किंचाळल्या. बाबा फोन घरीच इसरले होते, टेबलावरच माया कापडाखाली पडला होता.

तेवढ्यात बाहेर स्कूटीचा हॉर्न.

बाबा! जिवंत! स्कूटीले दोन लांब लाकडी पट्ट्या बांधलेल्या. दारात गर्दी पाहून त्यायचंच तोंड पांढरं पडलं. "वच्छला!" असे वरडत आत घुसले. त्यायले वाटलं आईलेच काही झालं! आई त्यायच्याकडं पाहे, फोटोकडं पाहे.

मंग बाबानं टेबल पाहिलं. मीही पाहिलं, त्यायच्या बाजूले उभी राहून. पांढरं कापड. फोटो. मेनबत्त्या. समोर फुलं सांडल्यावानी तुकडे. आपल्या बौद्धाच्या घरी मानूस गेल्यावर असंच मांडतात ना वं! सकाळपासून मी हातानं मांडून राहिली होती, आन मले दिसलं नाही!

"विझव आधी," बाबा म्हनले. माया फुकीत हवाच नव्हती. त्यायनंच चिमटीनं विझवल्या.

"कोनी सांगतलं म्या मेलो म्हून?"

शकुनबाई पदरानं नाक पुसत म्हने, "मुरारीभाऊनं सांगतलं जी. रडत होते बिचारे." मंग तिचं लक्ष भिंतीकडं. "हे काय लावलं वं पोरी? तो हिरवा तुकडा वाकडा बसला." असं म्हून तिनं तो सरळ केला! मेलेल्याच्या घरी आलेली बाई!

पट्ट्या कायच्या, इचारलं. बाबा दुसरीकडं पाहत म्हनले, "अड्याळले मारोतराव सुताराकडून आनल्या. थर्माकोल वाकते, मांगून आधार पायजे. भिंत तुयी. फोटो कपाटात टाक. आता मले रोजच पाहा."

मी त्यायच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली. सोडता येई ना.

आन तेवढ्यात मुरारीकाका परत आले. काखेत कागदात गुंडाळलेलं कापड. पांढरं. बाबाच्या अंगावर घालाले आनलेलं! बाबाले समोर पाहून त्यायच्या हातून ते पडलं.

बाबानं उचललं, झटकलं, बोटानं पोत पाहिला. "चांगलं आनलंस बे मुऱ्या. घे तृप्ती, गोधडीच्या अस्तराले होते."

सगळे हसले. आई बी रडत रडत हसली. पन मी नाही हसली. ते कापड अजून टेबलावर घडी करून हाय. आज सकाळी तीनदा कैची हातात घेतली. तुमी दोघी चला ना घरी, तुमीच कापून द्या. नाही तं राहू द्या. मले वाटते, नकोच कापू.